पुस्तक भिंतीवरून हातात कसं येतं?

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. आम्ही दोघींनी हौसेने वाचन कोपरा सजवला. मोठं झाड रंगवलं, पानापानांवर सुविचार लिहिले. येणारे अधिकारी, पालक कौतुक करतात. पण मुलं पुस्तकांना हात लावत नाहीत. सजावटीत काय कमी पडतंय? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

ताई, एक करून बघा. शाळा सुटल्यावर त्या कोपऱ्यात जमिनीवर मांडी घालून बसा आणि तिथून काय दिसतं ते पाहा. सहा-सात वर्षांच्या मुलाची नजर उभ्यानेही जेमतेम साडेतीन फुटांवर असते. आपण तक्ते लावतो ते आपल्या नजरेच्या उंचीला. झाड, सुविचार, वरचा मथळा हे सगळं मोठ्यांना नीट दिसतं, म्हणून मोठी माणसं कौतुक करतात. मुलाच्या समोर येते ती कपाटाची कडी, नाहीतर रॅकमध्ये दाटीवाटीने उभी लावलेली पुस्तकं.

त्या उभ्या पुस्तकांची वेगळीच अडचण आहे. लहान मुलांची बरीचशी चित्रपुस्तकं 16 किंवा 24 पानांची, मधोमध पिना मारलेली असतात. त्यांना जाड पाठ नसते, त्यामुळे बाजूला नाव छापायला जागाच नाही. कादंबरी कपाटात उभी असली तरी तिचं नाव वाचता येतं. हे पुस्तक उभं केलं की फक्त कागदाची कड दिसते. चित्रकाराने जीव ओतून काढलेलं मुखपृष्ठ कुणाला दिसतच नाही. प्राथमिक शाळेत पुस्तकांची मांडणी म्हणजे सगळ्यात आधी मुखपृष्ठं समोर दिसणं. बाकीची सजावट नंतर, आणि नसली तरी चालेल.

यासाठी खर्च फारसा नाही. भिंतीला साडेतीन फुटांवर एक नायलॉनची दोरी बांधा आणि बसून वाचणाऱ्यांसाठी दोन फुटांवर दुसरी. खिळ्यांमध्ये चार-पाच फुटांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर दोरीला झोळ पडतो आणि सगळी पुस्तकं घसरून मध्ये गोळा होतात. पुष्कळ शाळांत पुस्तक मधोमध उघडून दोरीवर वाळत घातल्यासारखं टाकतात. ते सोपं पडतं, पण मुखपृष्ठ आडवं होतं आणि मान वाकडी करून बघावं लागतं. त्याऐवजी पुस्तक मिटलेलंच ठेवून वरच्या कडेला कपड्यांचे दोन चिमटे लावा. चिमटा असा हवा की पहिलीच्या मुलाला एका हाताने काढता येईल. जाड, गोंदाने चिकटवलेल्या पाठीची पुस्तकं दोरीला झेपत नाहीत. ती खिडकीच्या कट्ट्यावर तोंड पुढे करून ठेवा.

एका वेळी 25-30 पुस्तकं पुरेत. पंधरवड्याने ती बदला आणि बदलायचं काम तिसरी-चौथीच्या मुलांवर सोपवा. कुठलं उतरवायचं, कुठलं ठेवायचं यावर त्यांच्यात जुंपेल. जुंपू द्या, कारण आपलं म्हणणं पटवायला पुस्तक उघडून दाखवावं लागतं.

मांडणीला विषय द्यायचा तर गावात त्या वेळी जे चाललेलं असेल तोच घ्यावा. आषाढात पावसाची आणि बेडकांची पुस्तकं, सुगीत शेताची. सोबत खरी वस्तू ठेवा: झाडाखाली पडलेलं सुगरणीचं घरटं, मूठभर ज्वारी, जुना कंदील. मूल आधी वस्तू हाताळतं, मग शेजारचं पुस्तक उचलतं. सुविचाराच्या जागी एखादा प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर त्या पुस्तकातच सापडेल. ‘या मांजराला कुणाची भीती वाटते?’ एवढी एक ओळ चौथीतल्या मुलाला पान उलटायला लावते.

आता खरं सांगायचं ते सांगते. कितीही सुंदर मांडलं तरी दोरीवरची सगळीच पुस्तकं मुलांना अनोळखी असतील तर हात पुढे होणार नाही. ओळख करून द्यावी लागते आणि ती शिक्षिकेच्या आवाजातून होते. रोज 15 मिनिटं एक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवा. मुलं अर्धगोलात जवळ बसलेली, पुस्तक तुमच्या छातीपाशी, चित्रं त्यांच्याकडे. याचा अर्थ मजकूर तुम्हाला बाजूने वाचावा लागणार, म्हणून आदल्या दिवशी घरी एकदा वाचून घ्या. सुरुवातीला पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि चित्रकाराचंही नाव सांगा. मध्ये एखाद्याच जागी थांबून ‘आता काय होईल?’ विचारा. प्रत्येक पानावर प्रश्न विचारले तर गोष्टीचा धागा तुटतो. गोष्ट संपली की तात्पर्य विचारू नका. हे मी हात जोडून सांगते. तात्पर्य विचारलं की मुलांना कळतं, ही गोष्टसुद्धा परीक्षेचीच होती. पुस्तक मिटा आणि सगळ्यांच्या हाताला येईल अशा जागी दोरीला लावा. मधल्या सुट्टीत त्याच्यावर उड्या पडतील. जे मूल अजून अडखळत वाचतं, तेही ते घेईल, कारण गोष्ट त्याला माहीत आहे आणि शब्द ओळखायला तिची मदत होते.

उपक्रमांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन सुचवते. पहिला अगदी छोटा आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला एक कोरा कागद चिकटवा. वाचणाऱ्याने तिथे नाव आणि एक ओळ लिहायची, लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं. कुणी ‘शेवट आवडला नाही’ असं लिहिलं तर ते खोडू नका. पुढचा वाचक आधी तेच वाचेल आणि मग शेवट काय आहे ते बघायला पुस्तक घरी नेईल.

दुसऱ्याला महिना लागतो. मुलांनी घरी आजीकडून, आजोबांकडून एक गोष्ट ऐकून यायचं आणि वर्गात सांगायची, ज्या बोलीत ऐकली त्याच बोलीत. एक गोष्ट निवडून तुम्ही फळ्यावर लिहून घ्या, मुलांच्या तोंडचे शब्द न बदलता. प्रमाणभाषेत आणायचा मोह होईल, तो आवरा. मग गोष्टीचे आठ तुकडे करा, एकेका जोडीला एकेक पान द्या, खाली मजकूर आणि वर चित्र. पानं जोडून पुठ्ठा लावा, मुखपृष्ठावर लेखक म्हणून आजीचं नाव आणि चित्रकार म्हणून मुलांची. त्यानंतरची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: त्या पुस्तकाला वाचनालयाच्या नोंदवहीत दाखल क्रमांक द्या आणि बाकीच्या पुस्तकांसारखं ते घरी नेऊ द्या. हस्तलिखितांची परंपरा आपल्या शाळांत जुनी आहे. पण बरीचशी हस्तलिखितं प्रकाशनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हातात जातात आणि मग कपाटात. दाखल क्रमांक मिळाला की ते पुस्तक फिरायला लागतं.

‘कोणी किती पुस्तकं वाचली’ असे चांदण्यांचे तक्ते मात्र मी लावणार नाही. आकडा वाढवायचा म्हटलं की मुलं सर्वांत बारीक पुस्तक निवडतात. एकच आवडतं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणारं मूल त्या तक्त्यात मागे पडतं, आणि वाचक म्हणून ते बहुधा वर्गात सगळ्यात पुढे असतं.

राहिली कुलपाची गोष्ट. पत्रात तुम्ही ती लिहिलेली नाही, पण बहुतेक शाळांत ती असते. पुस्तकं हरवली, फाटली तर जबाबदारी कुणाची, या धास्तीने कपाट बंद राहतं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वाचनालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं असावीत असं सांगितलं आहे. ती वापरासाठीच आहेत. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडणारे एस. आर. रंगनाथन यांचं पुस्तक 1931 साली मद्रासमध्ये निघालं, आणि त्यांचा पहिलाच नियम असा की ग्रंथ वापरासाठी असतात. त्याचं विवेचन करताना ते युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांची आठवण देतात, जिथे पुस्तकं साखळीने फळीला बांधलेली असत. आपली साखळी म्हणजे नोंदवहीची भीती. तिच्यावर उपाय करता येतो. वर्षाच्या सुरुवातीलाच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवा: मुलं पुस्तकं घरी नेणार, काही फाटणार, काही हरवणार, त्यांची यादी दर सहामाहीला समितीपुढे येईल. ठराव लिहून घ्या. मग ती जोखीम तुमच्या एकटीच्या डोक्यावर राहत नाही. दुरुस्तीसाठी एक डबा ठेवा, त्यात डिंक, कात्री आणि कापडी पट्टी. शनिवारी मुलंच पुस्तकं शिवतील, चिकटवतील.

‘तोत्तोचान’ तुम्ही वाचलंच असेल. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादामुळे ते आपल्याकडे घरोघर पोचलं. तोक्योतल्या तोमोई शाळेत रेल्वेचा एक नवा डबा येतो आणि मुख्याध्यापक कोबायाशी त्याचं वाचनालय करतात. कुणीही कुठलंही पुस्तक घ्यावं, घरी न्यावं, वाचून झालं की परत आणावं, इतकाच त्यांचा नियम. सगळी शाळा त्या डब्यात शिरते आणि कुणी मनात, कुणी मोठ्याने वाचायला लागतं. तिथे कुणीही शांतता राखायला सांगत नाही. तुमच्या कोपऱ्यातही आवाज होऊ द्या.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. शाळेतून आणलेल्या पुस्तकातली नुसती चित्रं बघतो, अक्षरं वाचत नाही. शाळेनेच अशी चित्रांची पुस्तकं देणं बंद करावं का? (एक पालक, नाशिक)

बंद करू नये. चित्रांतून गोष्ट लावणं हेही वाचनच आहे. पुढचं चित्र मागच्याशी जोडायचं, माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखायचं, वगळलेला मधला भाग मनाने भरायचा, हीच कामं पुढे त्याला मजकूर वाचताना करायची आहेत. रात्री त्याला जवळ घ्या आणि ‘तू मला ही गोष्ट सांग’ म्हणा. त्याची सांगून झाली की ‘आता यात लिहिलंय काय ते मी वाचते’ म्हणून बोट फिरवत वाचा. दोन्हींत फरक निघाला की तो स्वतःच अक्षरांकडे वळेल.

तरी दुसरी संपत आली आणि साधे शब्दही जुळत नसतील, तर शिक्षकांशी जरूर बोला. 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं असं उद्दिष्ट ठेवलं आहे. म्हणजे अजून वेळ आहे, पण थोडा.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे. गावच्या प्राथमिक शाळेच्या वाचनालयाला 10 हजार रुपये आणि घरातली काही जुनी पुस्तकं द्यायचा विचार आहे. काय घ्यावं? (एक वाचक, रत्नागिरी)

काका, घरातली जुनी पुस्तकं देण्याआधी एकदा चाळा. मोठ्यांच्या कादंबऱ्या, जुने दिवाळी अंक, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं यांनी शाळांची कपाटं आधीच भरलेली आहेत. त्यांच्यामुळे मुलांची पुस्तकं मागे ढकलली जातात. ती सार्वजनिक वाचनालयाला द्या.

पैशांतून जाडजूड ज्ञानकोश घेऊ नका. त्याच पैशांत पातळ चित्रपुस्तकांचा ढीग येतो. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला, ज्योत्स्ना प्रकाशन आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं पाहा. प्रथमच्या पुस्तकांवर वाचनाच्या चार पायऱ्या छापलेल्या असतात, त्यामुळे शिक्षकांना निवडणं सोपं जातं. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि यशच्या गोष्टी ही पुस्तकं हवीतच. त्यांतली मुलं आपल्या आजूबाजूच्या घरांत राहतात आणि आपल्यासारखं बोलतात. त्यांनीच संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ शिक्षकांना मोठ्याने वाचून दाखवायला फार उपयोगी आहे, कारण त्यात मराठी साहित्यातले वेचे आणि भारतीय चित्रकला शेजारी शेजारी आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971पासून निघतंय. त्याची वर्गणी शाळेच्या नावाने भरा.

सगळी पुस्तकं वेगवेगळी घ्यायचा आग्रह धरू नका. निवडक चार-पाच पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घ्या. एकच पुस्तक पाच मुलांच्या हातात असेल तर ती एकत्र बसून वाचतात, अडलेलं एकमेकांना विचारतात आणि त्या पुस्तकावर बोलतात. एकेका प्रतीच्या वाचनालयात हे घडत नाही.

प्रथमच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. काही रक्कम रंगीत छपाईसाठी ठेवलीत तर आणखी पुस्तकं वाढतील. खरेदीआधी शाळेत जाऊन चौथीच्या मुलांना विचारा, तुम्हाला कशाबद्दलची पुस्तकं हवीत. समुद्र, होड्या, भुतं, क्रिकेट असं काहीही सांगतील, त्याची यादी घेऊनच दुकानात जा. आणि बिल शाळेच्या नावाने करून घ्या, म्हणजे पुस्तकं नोंदवहीत चढवायला अडचण येत नाही.