गोठ्याचा हिशेब : बेरीज यंत्राची, नोंद आपली



दुधाचे बिल बहुधा दर दहा दिवसांनी येते. आडसाली उसाला तोडणीपर्यंतच सोळा-अठरा महिने लागतात. मधल्या काळात दुधाचा पैसा उसाच्या खतात जातो आणि आपण म्हणतो, "गाय काही परवडत नाही बुवा!" खरे काय ते हिशेबाशिवाय कळायचे नाही. आता ही वही मोबाईलवरही ठेवता येते. त्यात ऊस, गोठा व घर अशी तीन खाती प्रथम वेगळी उघडावीत, असे आम्ही सुचवितो.

चूक कुठे होते ते पाहू. समजा, गाय सरासरी रोज १० लिटर दूध देते, दर ३५ रुपये. जमा ३५०. खुराक १७० व औषध १५ वजा जाता यंत्र १६५ उरले असे दाखवील. पण घरचा चारा? तो १२० रुपयांचा धरला की उरले ४५. ३०० दिवसांचे १३,५०० झाले. पुढे भाकड ६० दिवस. रोज १५० प्रमाणे ९,००० गेले. उरले ४,५००, आणि घरच्यांची मजुरी अजून धरलेलीच नाही!

उलट, शेणखत उसाला घातले तर त्याची किंमत गोठ्याला जमा, उसाला नावे. वाढे गोठ्यात आले तर उसाला जमा, गोठ्याला नावे.

नोंद रोज संध्याकाळी धार काढून झाली की करावी. आठवड्याने अंदाजे घातलेले आकडेही यंत्र बिनतक्रार जोडते. गाय ठेवायची की विकायची, हे मग खाते पाहूनच ठरवू.