आंतरराष्ट्रीय व्यापार आणि आकडेवारीचे विश्लेषण : पदव्युत्तर अभ्यासाची दिशा

वाणिज्य, अर्थशास्त्र अथवा विज्ञान शाखेची पदवी संपादन केल्यानंतर पुढे कोणता अभ्यासक्रम निवडावा, हा प्रश्न दरवर्षी हजारो विद्यार्थ्यांसमोर व त्यांच्या पालकांसमोर उभा राहतो. अलीकडे देशातील व परदेशातील अनेक विद्यापीठांनी आंतरराष्ट्रीय व्यापार आणि डेटा ॲनालिटिक्स, म्हणजेच संगणकाच्या साहाय्याने केलेले आकडेवारीचे विश्लेषण, हे दोन विषय एकाच पदव्युत्तर अभ्यासक्रमात गुंफले आहेत. अशा शिक्षणासाठी खर्चही मोठा करावा लागतो. म्हणून या दोन विषयांचे परस्परांशी नाते काय, त्यातून कोणते ज्ञान पदरी पडावयास हवे व प्रवेश घेण्यापूर्वी काय पारखून घ्यावे, याचा विचार महाराष्ट्राच्या परिचयाच्या द्राक्षनिर्यातीच्या उदाहरणाने प्रस्तुत लेखात केला आहे.

सिद्धांताला आकड्यांची कसोटी

व्यापारशास्त्र व सांख्यिकी यांची सांगड नवी नाही. ज्या देशापाशी भांडवल विपुल, तो भांडवलप्रधान वस्तू निर्यात करील, असे हेक्शर व ओहलिन या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञांचे प्रतिपादन होते. वासिली लिओन्तिएफ यांनी अमेरिकेच्या १९४७ सालच्या आकडेवारीवर ते पडताळून पाहिले आणि १९५३ साली आपले निष्कर्ष मांडले. भांडवलसंपन्न अमेरिकेच्या निर्यातीत तिच्या आयातीशी स्पर्धा करणाऱ्या उत्पादनापेक्षा श्रमाचा अंश अधिक असल्याचे त्यांना आढळले. या अनपेक्षित निष्कर्षामुळे कामगारांचे कौशल्य, नैसर्गिक साधनसंपत्ती व तंत्रज्ञान यांचा विचार अर्थशास्त्राला नव्याने करावा लागला. पुढे १९६२ साली यान टिनबर्गेन यांनी दोन देशांतील व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारमानाबरोबर वाढतो व अंतराबरोबर घटतो, हे गणिती सूत्रात मांडले. गुरुत्वाकर्षणाशी साम्य असलेले हे सूत्र पदव्युत्तर वर्गात आजही शिकविले जाते.

संगणकामुळे ही पडताळणी सुलभ झाली. परंतु आकडा कोठून आला हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती वेगवान यंत्र आल्याने चूक तेवढी वेगाने होते. आकड्यामागील व्यवहार कसा समजून घ्यावयाचा, हे पुढील चार पाठांवरून स्पष्ट होईल.

पाठ पहिला : मालाचा क्रमांक

सीमाशुल्क नाक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मालाला एक वर्गीकरण क्रमांक असतो. ही आंतरराष्ट्रीय पद्धती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली व जागतिक सीमाशुल्क संघटना तिची देखभाल करते. या क्रमांकातील पहिले सहा अंक जगभर समान असतात. त्यापुढील अंक प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. भारतात आठ अंकांचा क्रमांक वापरला जातो. आठवे प्रकरण खाण्याच्या फळांचे असून त्यात ०८०६ हे शीर्षक द्राक्षांचे आहे. ०८०६१० म्हणजे ताजी द्राक्षे, तर ०८०६२० म्हणजे बेदाणे व मनुका.

विद्यार्थ्याने केवळ चार अंकांवर आकडेवारी मागविली, तर नाशिकची ताजी द्राक्षे व सांगली-तासगावचा बेदाणा एकाच राशीत पडतील. एक माल शीतपेटीतून काही आठवड्यांत ग्राहकापर्यंत पोहोचावा लागतो, तर दुसरा महिनोन्‌महिने टिकतो. या दोहोंच्या किमती व बाजारपेठा भिन्न आहेत. शिवाय ही वर्गीकरण पद्धती साधारणतः दर पाच-सहा वर्षांनी सुधारली जाते. २०२२ सालीही नवी आवृत्ती लागू झाली. काही क्रमांक फुटतात, तर काही एकत्र होतात. म्हणून दीर्घकालीन अभ्यासात जुने व नवे क्रमांक जुळवून घेणे अगत्याचे ठरते.

पाठ दुसरा : एका व्यवहाराचे दोन आकडे

भारताच्या परदेशी व्यापाराची आकडेवारी कोलकाता येथील वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महानिदेशालय संकलित करते. विविध देशांनी कळविलेले आकडे संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या भांडारात एकत्र मिळतात. भारताने नेदरलँड्सला केलेल्या द्राक्षनिर्यातीचा आकडा व नेदरलँड्सने भारतातून केलेल्या आयातीचा आकडा शेजारी ठेवल्यास ते सहसा जुळत नाहीत. याचा अर्थ कोणीतरी लबाडी केली, असा तत्काळ काढणे योग्य नव्हे.

याची कारणे व्यवहारातच आहेत. निर्यातीचे मूल्य सामान्यतः एफओबी पद्धतीने, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या खर्चासह नोंदविले जाते. आयातीचे मूल्य बहुतेक देशांत सीआयएफ पद्धतीने, म्हणजे जहाजभाडे व विमा धरून नोंदविले जाते. न्हावा-शेवा बंदरातून मार्चअखेर निघालेला माल युरोपात एप्रिलमध्ये उतरतो, म्हणून नोंदीचा महिनाही बदलतो. तिसरे कारण रॉटरडॅम बंदराचे. तेथे उतरलेला पुष्कळसा माल पुढे जर्मनी व अन्य देशांत जातो, परंतु निर्यातदार देशाच्या कागदपत्रांत मात्र नेदरलँड्सचेच नाव राहू शकते. तेव्हा नेदरलँड्सच्या नावापुढील मोठा आकडा पाहून तेथील लोक तेवढी द्राक्षे खातात, असे समजणे चुकीचे ठरेल.

आणखी एक सूक्ष्म बाब लक्षात घ्यावी. आपले आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, तर द्राक्षनिर्यातीचा हंगाम साधारणतः जानेवारीत सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे एकच हंगाम दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो. पावसामुळे छाटणी लांबली व माल उशिरा निघाला, तर निर्यात घटलेली नसतानाही चालू आर्थिक वर्षाचा आकडा खाली येतो. अशा वेळी मासिक आकडे घेऊन हंगामाची बेरीज करणे, हाच योग्य मार्ग होय.

पाठ तिसरा : सरासरीचा चकवा

समजा, एका निर्यातदाराने पहिल्या वर्षी युरोपात १०० टन द्राक्षे किलोमागे १५० रुपयांनी व अन्य बाजारपेठेत १०० टन द्राक्षे ६० रुपयांनी विकली. त्याची सरासरी किंमत १०५ रुपये झाली. दुसऱ्या वर्षी युरोपात त्याला १०० टनांवर १६० रुपये व अन्यत्र ३०० टनांवर ६५ रुपये भाव मिळाला. दोन्ही बाजारपेठांत भाव वाढले. तथापि एकूण सरासरी ८८ रुपये ७५ पैशांवर आली.

केवळ सरासरी पाहणारा विश्लेषक ‘भाव कोसळले’ असा अहवाल देईल. वस्तुतः भाव कोसळले नसून विक्रीची विभागणी बदलली आहे. असा अहवाल वाचून एखाद्या सहकारी संस्थेने नव्या बाजारपेठेत जाणे थांबविले, तर त्याची झळ अखेरीस बागायतदारालाच बसते. म्हणून आकडे एकत्र करण्यापूर्वी ते बाजारपेठ, प्रत व महिना यांनुसार वेगळे करून पाहण्याची सवय विद्यार्थ्याने लावून घेतली पाहिजे.

पाठ चौथा : कोष्टकात न दिसणारे

२०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रक रसायनाचे अवशेष युरोपीय मर्यादेपेक्षा अधिक आढळले. माल युरोपातील बंदरांत अडकून पडला व निर्यातदारांबरोबर शेतकऱ्यांचेही मोठे नुकसान झाले. द्राक्षांचे अवशेष तपासण्याची व बागेपर्यंत मागोवा घेण्याची व्यवस्था आपल्याकडे तत्पूर्वीच अस्तित्वात होती. परंतु हे रसायन त्या वेळच्या तपासणीच्या यादीत नव्हते. पुढे ते यादीत समाविष्ट करण्यात आले.

मागील वर्षांच्या निर्यातीचे कितीही आकडे मांडले असते, तरी या संकटाची चाहूल त्यांतून लागली नसती. ती आयातदार देशाच्या नियमावलीत व आपल्या तपासणीच्या यादीत, या दोहोंच्या तुलनेत होती. भूतकाळाच्या आकड्यांवरून भविष्याचा अंदाज बांधता येतो, तो नियम व परिस्थिती स्थिर राहील या गृहीतावर. हे गृहीत केव्हा ढासळेल याची जाण व्यापारशास्त्राच्या अभ्यासातून येते. विश्लेषणाच्या शिक्षणाला व्यापाराच्या शिक्षणाची जोड हवी, ती याचसाठी.

अभ्यासक्रमाची पारख

या क्षेत्रात आपल्या देशात भक्कम परंपरा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट १९३० पासून अर्थशास्त्रीय संशोधन करीत आली आहे. परदेशी व्यापाराच्या शिक्षणासाठी केंद्र शासनाने १९६३ साली भारतीय विदेश व्यापार संस्था स्थापिली.

कोणत्याही संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी माहितीपत्रकातील आकर्षक शब्दांपेक्षा पुढील गोष्टींची चौकशी करावी. पहिली, संभाव्यता, प्रतिगमन व कालश्रेणी यांचे रीतसर अध्यापन होते काय, की केवळ तयार आज्ञावली चालविण्यास शिकवितात? दुसरी, पतपत्र, भरणपत्र, विमा, परकीय चलन, सीमाशुल्क व २०२० च्या इनकोटर्म्समधील अकरा व्यापारी अटी यांचा अभ्यास आहे काय? तिसरी, खऱ्या व अपुऱ्या आकडेवारीवर प्रबंध लिहावा लागतो काय? चौथी, बंदर, निर्यातगृह वा बँकेत प्रत्यक्ष काम करण्याची संधी मिळते काय? परदेशी जाणाऱ्यांनी पदवीची मान्यता, एकूण खर्च व कर्जफेडीचा भार यांचाही लेखी हिशेब मांडावा.

गणिताची भीती वाटणाऱ्या कला शाखेच्या पदवीधरांनी निराश होण्याचे कारण नाही. प्रवेशापूर्वीच्या सहा महिन्यांत प्राथमिक सांख्यिकीची उजळणी करावी आणि आपल्या जिल्ह्यातील एखाद्या निर्यातक्षम वस्तूचे पाच वर्षांचे मासिक आकडे स्वतः तक्त्यात मांडावेत. रत्नागिरीचा आंबा, जळगावची केळी, सोलापूरचे डाळिंब वा इचलकरंजीचे कापड, यांपैकी काहीही चालेल. मग एखाद्या निर्यातदाराला भेटून त्या आकड्यांतील चढउतारांची कारणे विचारावीत. या अभ्यासासाठी खर्च नाही. मात्र आपला कल या विषयाकडे आहे की नाही, हे त्यातून निश्चित कळते.

महाराष्ट्राच्या शेतात व कारखान्यात तयार होणारा माल परदेशी बाजारपेठेत टिकावयाचा, तर उत्तम उत्पादकाइतकीच उत्तम माहितीची गरज आहे. त्या माहितीतील खरे-खोटे निवडून ते बागायतदाराला व लघुउद्योजकाला त्याच्या भाषेत समजावून सांगणारे सुशिक्षित तरुण ग्रामीण भागातूनही पुढे आले, तर या शिक्षणावर झालेला खर्च समाजाला सव्याज परत मिळेल.