बुकिंग झालं, आता मन डळमळतंय ना?

अगं, गाडी बुक केल्यापासून ती दारात येईपर्यंतचे दिवस फार वाईट असतात. पैसे अडकलेले, वस्तू हातात नाही, आणि भेटेल तो माणूस आपलं मत ऐकवून जातो. पोळ्याच्या आठवड्यात वॅगन आर बुक केलीस तेव्हा केवढी खुशीत होतीस! आता धनत्रयोदशी तोंडावर आली, शोरूममधून "दीदी, गाडी रास्ते में है" एवढंच कळतंय, आणि तू मला रात्री फोन करून विचारतेस, "ताई, रद्द करू का?"

रद्द करायची तर कर, माझी काही हरकत नाही. पण आधी मला एक सांग. ही शंका तुझी तुला आली, की कुणी डोक्यात घातली? भिलाईचे मामा म्हणाले, "जीएसटी कमी झाला, वाचलेल्या पैशांत थोडे घालून मोठी घे." ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, आता इलेक्ट्रिकच घ्यायला हवी. जाऊबाई नुसतंच "छोटीच घेतलीस का?" म्हणाल्या, आणि तेच तुला सगळ्यांत जास्त लागलं. यातल्या एकाला तरी विचार, की मावशीला दर आठवड्याला रायपूरच्या तात्यापाऱ्यातून टाटीबंधला एम्समध्ये कोण नेणार आहे.

उशिराचं मनाला लावून घेऊ नकोस. त्यामागे काही काळंबेरं दिसत नाही. २०२५ च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार म्हणून सांगितलं आणि लोकांनी खरेदी थांबवून धरली. ३ सप्टेंबरला परिषदेत दर ठरले, २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, ते लागू झाले. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या गाडीवर २८ टक्के आणि वर उपकर होता, ती सरळ १८ टक्क्यांवर आली. वॅगन आरची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ४ लाख ९८ हजार ९०० झाली. थोपून राहिलेली सगळी माणसं एकाच वेळी शोरूमच्या दारात आली, मग गाड्या कमी पडणारच. तुझं नुकसान तर मुळीच झालेलं नाही, कारण बुकिंगच्या दिवशीची किंमत लागत नाही, बिल बनतं त्या दिवशीची लागते. तुला नव्या दराचंच बिल मिळायला हवं, तेवढं नीट बघून घे.

लोक गाडीसाठी याहून कितीतरी जास्त थांबलेत गं. १९८३ मध्ये मारुती ८०० साठी दोनच महिन्यांत सव्वा लाखावर लोकांनी पैसे भरले होते, आणि पहिली चावी दिली गेली ती त्या वर्षीच्या १४ डिसेंबरला. २००९ मध्ये नॅनोला दोन लाखांवर बुकिंग आलं, तेव्हा पहिल्या एक लाख गाड्या कुणाला द्यायच्या ते सोडत काढून ठरवावं लागलं. तेव्हाही रांगेतल्या किती जणांना घरच्यांनी "कशाला हवी?" म्हणून छळलं असेल!

आता मोठ्या गाडीचं. मामांचं गणित मला पटत नाही. किंमत कमी झाली तेवढा तुझा हप्ता हलका झाला. तो हलकाच राहू दे. पगार तुझा एकटीचा, मावशीच्या औषधांचा खर्च ठरलेला. आणि तुमची गल्ली? तिथे समोरून दुधाची स्कूटर आली तरी एकाला मागे सरावं लागतं. वॅगन आरची लांबी ३,६५५ मिलिमीटर, रुंदी १,६२० मिलिमीटर. सदर बाजारात, गोल बाजारात सणाच्या गर्दीत गाडी घालून पाहा, मग हे आकडे किती मोलाचे ते कळेल. शिवाय ती उंच आहे, सीट फार खाली नाही. मावशीचे गुडघे दुखतात, लुगडं सावरत खाली वाकून आत शिरणं तिला जमत नाही. शोरूममध्ये तिला घेऊन जा आणि स्वतः चढू-उतरू दे. पुढचा दरवाजा, मागचा दरवाजा, दोन्हीकडून. तिने हात कशाला धरला, पाय आधी कोणता टाकला, हे बघ. या एका गोष्टीपुढे बाकीच्यांची मतं मला किरकोळ वाटतात.

इलेक्ट्रिकवर जीएसटी पाचच टक्के आहे, हे मैत्रिणीचं खरं. पण तुझी गाडी रात्री गल्लीत उभी राहणार, वरच्या मजल्यावरून वायर सोडून चार्ज करणार का? स्वतःचं पार्किंग असेल त्या दिवशी तो विचार करू.

या सगळ्या शंका मी सहज बाजूला सारल्या, पण एक नाही सारणार. ती तू अजून विचारलीच नाहीस, म्हणून मीच काढते. २०२३ च्या एप्रिलमध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने दोन एअरबॅगवाली वॅगन आर ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून तपासली. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला पाचपैकी एकच तारा मिळाला, आणि गाडीचा सांगाडा अस्थिर ठरला. २०२५ पासून सगळ्या वॅगन आरना सहा एअरबॅग येतात. ही चांगली सुधारणा आहे, आणि तू जी घेतेयस ती सहावालीच आहे. पण एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा आपोआप मजबूत होत नाही. हे तुला शोरूममध्ये कुणी सांगणार नाही, म्हणून बहीण सांगते.

तेव्हा शांतपणे बसून विचार कर, की ही गाडी कोणत्या रस्त्यावर धावणार? घर, ऑफिस, एम्स, कधी तेलीबांधा तलावावर, कधी नवा रायपूर, फार झालं तर राजिम. असं असेल तर ही गाडी तुला पुरेशी आहे, खुशाल घे. पट्टा मात्र मागे बसणाऱ्यानेही लावायचा, मावशीनेसुद्धा. पण दर महिन्याला नागपूरला आत्याकडे गाडीनेच जायचं मनात असेल, तर माझं उत्तर बदलेल. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा, असा जवळजवळ तीनशे किलोमीटरचा रस्ता, त्यावर लोखंडाचे, कोळशाचे ट्रक, आणि पावसाळ्यातली रात्र. त्या रस्त्यावर दर महिन्याला तू या गाडीत असावीस असं मला वाटत नाही. मग बुकिंग बदल, चार किंवा पाच ताऱ्यांची गाडी बघ, दोन महिने आणखी थांब, हप्ता थोडा वाढू दे, तिथे मी तुला अडवणार नाही. तू गेल्या वेळी म्हणालीस की नागपूरला वंदे भारतनेच बरं पडतं, साडेपाच तासांत बिलासपूरहून नागपूरला पोचते ती, आणि रायपूरहून तर त्याहून कमी. तसंच चालणार असेल तर गाडी शहरासाठी आणि रेल्वे नागपूरसाठी, हे पक्कं ठरव आणि मग डगमगू नकोस.

दुसरी एक शंका रास्त आहे. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायपूरच्या ऑटो एक्स्पोत गाडी घेणाऱ्यांना राज्य सरकारने आरटीओ टॅक्समध्ये ५० टक्के सूट दिली होती. ती पुढच्या जानेवारीतही मिळाली तर? शोरूमकडून टॅक्सचा नेमका आकडा माग, त्याचा अर्धा कर, आणि तोवर रिक्षाने एम्सला जायचा खर्च आणि मावशीचे हाल त्यासमोर ठेव. जानेवारीत घेतली तर गाडीच्या कागदावर नवं वर्षही लागतं, पुढे विकताना त्याचा फायदा होतो, हेही खरं. पण सरकारी सूट जाहीर होईपर्यंत ती आपल्या खिशात नसते. मावशीचे गुडघे पाहता मी तरी थांबले नसते.

थांबायचं किंवा रद्द करायचं ते बिल बनण्याआधी आणि गाडी तुझ्या नावावर चढण्याआधी. एकदा नोंदणी झाली की तू पहिली मालक, मग मागे फिरता येत नाही. बुकिंगची पावती काढ, रद्द केल्यास किती कापतील ते वाच, लिहिलेलं नसेल तर ईमेलवर विचार. तोंडी उत्तरावर विसंबू नकोस. पैसे अडवून धरलेच तर ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे. आणि बँकेला सांगून ठेव, की चासिस नंबर पडल्याशिवाय कर्जाचे पैसे सोडायचे नाहीत. बँकेने पैसे सोडले की व्याजाचं मीटर सुरू होतं, गाडी आलेली असो वा नसो.

धनत्रयोदशीचा मुहूर्त पूजेला ठेव, तपासणीला नको. त्या दिवशी शोरूममध्ये हार-पेढे-फोटो यांची झुंबड असते, कुणाला धड बघायला वेळ नसतो. दोन दिवस आधी, उन्हात, यार्डात जाऊन गाडी बघ. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३४२५ असेल तर २०२५ च्या चौतिसाव्या आठवड्यातला टायर. पाचही टायरचे बघ. चासिसच्या पट्टीवरून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचार आणि लिहून घे. दरवाजाच्या कडेने बोट फिरव, रंगाची धार लागते का बघ. काचांवरचे वर्षाचे ठसे एकसारखे आहेत का तेही. किलोमीटरचा आकडा मोबाईलवर फोटो काढून ठेव. लाजू नकोस, पैसे तुझे आहेत.

इन्शुरन्स शोरूमकडूनच घ्यायला हवं असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस, बाहेरून घ्यायचा तुला पूर्ण हक्क आहे. नव्या गाडीला तीन वर्षांचं थर्ड पार्टी सक्तीचं, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं एक वर्षाचं पुरे. दोन-तीन ठिकाणचे कोटेशन समोर ठेव. सीट कव्हरची तुला भारी हौस, मला माहितीय. पण बाजूच्या एअरबॅग सीटच्या कडेतूनच फुटतात, साधं जाड कव्हर चढवलं तर त्या अडकतील. एअरबॅगला चालतं असं लिहिलेलंच घे, नाहीतर कंपनीचं कापड तसंच राहू दे. काळी फिल्म तर २०१२ पासून सुप्रीम कोर्टाने बंद केली आहे. रायपूरचा मे महिना मला ठाऊक आहे, तरी तो मोह नको.

आणि एक, हे मात्र कुणाला विचारू नकोस. नोंदणी तुझ्या नावावर कर. हप्ता तू भरणार, चालवणार तू, मग "नाव कुणाचं का असेना, घरातलीच गाडी" हे गोड बोलणं ऐकून घ्यायचं कारण नाही. नोंदणीच्या वेळी नॉमिनीचं नाव लिहायची सोय असते, तिथे मावशीचं घाल. अर्ज शोरूमचा माणूस भरेल, तू सही करण्याआधी नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवून बघ, आणि उद्या सकाळी आधी तो बुकिंगचा कागद मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव.