पडद्यावर न दिसणाऱ्या ओळी



जुन्या टीव्हीचे चित्र वर-खाली फिरू लागले की मध्ये एक आडवी काळी पट्टी दिसे. तुमच्या आई-बाबांना ती नक्की आठवत असेल. त्या पट्टीत कधी कधी पांढरे ठिपके लुकलुकत. तो बिघाड नव्हता, ती लपवलेली अक्षरे होती.

आपल्याकडील पाल पद्धतीत एका चित्राच्या ६२५ रेषा असत, पण पडद्यावर चित्रासाठी ५७६ वापरल्या जात. उरलेल्या ४९ रेषांचा वेळ इलेक्ट्रॉनचा झोत खालून परत वर नेण्यासाठी राखलेला असे. अभियंत्यांनी विचार केला की हा वेळ रिकामा का घालवावा? १९७४ साली बीबीसीने या रेषांमधून ‘सीफॅक्स’ ही टेलिटेक्स्ट सेवा सुरू केली. बातम्या, हवामान, गाड्यांची माहिती, सर्व टीव्हीवरच! अमेरिकेत १९८० पासून २१ व्या रेषेतून संवादांचा मजकूर जाऊ लागला. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय झाली.

पुढे संगणकात टीव्ही कार्डे आली आणि अडचण उभी राहिली. कार्यक्रम मुद्रित करताना बरीच कार्डे फक्त दिसणारे चित्र आकुंचित करून साठवत. काळ्या पट्टीतला मजकूर तिथेच गळून जाई. ज्या कार्डांत तो मिळे, तिथे प्रत्येक ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रणालीची, रीत निराळी असण्याचा धोका होता. समजा, शाळेत प्रत्येक वर्गशिक्षकाने गुणपत्रक आपल्या मनाप्रमाणे आखले, तर कार्यालयाने निकाल कसा लावावा?

लिनक्स प्रणालीत यावर उपाय निघाला. ‘व्हिडिओ फॉर लिनक्स २’ या नियमावलीत प्रत्येक रेषेसाठी एकच तक्ता ठरवला गेला: कोणती सेवा, चित्राचा पहिला अर्धा की दुसरा, रेषेचा क्रमांक आणि मजकुरासाठी ४८ बाइटची जागा. टेलिटेक्स्टच्या एका रेषेला ४२ बाइट लागतात, अमेरिकी मजकुराला केवळ २. तरी रकाना सर्वांना सारखाच. थोडी जागा वाया जाते, पण वाचणाऱ्या प्रोग्रामला कार्ड कोणते हे विचारावे लागत नाही. ‘आयव्हीटीव्ही’ या ड्रायव्हरने तर हा मजकूर एमपीईजी फाइलमध्येच ठराविक खुणेसह बसवला, आणि ती रचनाही पुढे नियमावलीत नोंदली गेली. त्यामुळे चित्र आणि अक्षरे एकत्र राहिली.

सीफॅक्स २०१२ साली बंद झाले. मग हे आज का शिकावे? कारण प्रश्न जुना झालेला नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी मजकूर हाच आवाज असतो. जुन्या फिती संगणकावर उतरवताना नुसते चित्र घेतले, तर तो आवाज कायमचा हरवतो, आणि हरवला हे ऐकू येणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. विश्वस्त व पालकांना विनंती, की स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीला मराठी मजकूर जोडावा आणि तो सर्वत्र चालणाऱ्या प्रमाणित स्वरूपात जपावा.

स्वाध्याय
१. अमेरिकी पद्धतीत दर सेकंदाला सुमारे ३० चित्रे असतात. २१ व्या रेषेतून प्रत्येक चित्रामागे २ बाइट गेले, तर सेकंदाला किती बाइट जातील?
२. सर्वांनी एकच नियम पाळल्यामुळे सोपे झालेले आपल्या घरातील एक काम लिहा.