शांत संगणकाची तजवीज : भाच्यास पत्र

विष्णुपुरी, नांदेड
आषाढ शुद्ध पंचमी

चि. बाळ यास,

तुझे पत्र आणि त्यासोबत जोडलेली सुट्या भागांची यादी दोन्ही पोहोचली. श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत तुझा प्रवेश कायम झाला आणि तू आता लातूर सोडून आमच्या विष्णुपुरीस राहावयास येणार, याचा येथे सर्वांना आनंद आहे. दोन सोबत्यांबरोबर एकाच खोलीत राहावयाचे असल्यामुळे खेळांसाठी घ्यावयाचा संगणक आवाज न करणारा, आटोपशीर आणि कोणाच्या डोळ्यांत न भरणारा असावा, असे तू लिहितोस. या इच्छेमागे शेजारी झोपलेल्या माणसाचा विचार आहे, म्हणून मला ती मनापासून आवडली, आणि म्हणूनच तुझ्या यादीवर चार शब्द सविस्तर लिहावेत असे वाटले.

यादीतील एकेक जिन्नस वाईट नाही. मात्र तू आरंभ कॅबिनेटपासून केला आहेस. दहा लिटरांचे एक सुबक कॅबिनेट आधी मनात भरले आणि मग त्यात मावेल ते ते तू शोधत गेलास. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. शांत यंत्राचा हिशेब वॅटपासून सुरू करावा लागतो, कारण संगणक जितकी वीज ओढतो तितकी जवळजवळ सर्वच्या सर्व शेवटी उष्णतेच्या रूपाने तुझ्या खोलीत उतरते, आणि ती उष्णता बाहेर काढण्यासाठी जे पंखे फिरतात तेच यंत्राचा आवाज असतात. संगणकविद्येच्या आरंभापासून हे असेच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ज्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले तो संगणक हजारो निर्वातनलिकांचा होता, आणि त्या पिढीच्या यंत्रांची गणिते जितकी बिकट, तितकाच त्यांना थंड ठेवण्याचा बंदोबस्तही बिकट असे. नलिका गेल्या, त्यांच्या जागी नखाएवढ्या चकत्या आल्या. उष्णतेचा जमाखर्च मात्र तोच राहिला.

या जमाखर्चात सर्वांत मोठी रक्कम ग्राफिक्स कार्डाच्या नावावर पडते. एनव्हिडियाचे २०१६ सालचे जीटीएक्स १०८० हे कार्ड १८० वॅटचे होते. २०२२ सालचे आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचे, आणि २०२५ सालचे ५०९० तर ५७५ वॅटचे आहे. खोली गरम करण्याचा लहान हीटर हजार वॅटचा असतो हे ध्यानात घेतलेस, तर वैशाखात अशा कार्डापुढे बसणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. याउलट आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅटमध्ये भागवते आणि त्याच्या पुढच्या पिढीचे ५०६० हे १४५ वॅटमध्ये. तुझा पडदा १९२० बाय १०८० बिंदूंचा आहे. तेवढ्यासाठी या श्रेणीतील कार्ड पुरेसे आहे. २५६० बाय १४४० चा पडदा घेण्याचा मोह मात्र तूर्त तहकूब ठेव, कारण त्यावर पावणेदोन पटींहून अधिक बिंदू रंगवावे लागतात आणि तो सारा भार पुन्हा कार्डावर, म्हणजे पर्यायाने पंख्यांवर, येऊन पडतो. प्रोसेसरचेही तसेच. रायझन ५ ७६०० हा सहा गाभ्यांचा आणि ६५ वॅट श्रेणीचा प्रोसेसर खेळांसाठी उत्तम आहे; तू लिहिलेला त्याहून वरचा प्रोसेसर वाईट आहे असे नव्हे, पण त्याची जास्तीची ताकद तुझ्या पडद्यावर क्वचितच दिसेल, आणि त्याची उष्णता मात्र रोज जाणवेल.

आता विष्णुपुरीच्या हवेचा विचार कर. ज्या परीक्षणांवर विसंबून तू कूलर निवडला आहेस, ती बहुधा वीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. हवेचा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त दोहोंमधील तफावत मर्यादित ठेवतो. पंचवीस अंशांच्या खोलीत जो कूलर प्रोसेसर सत्तर अंशांवर धरून ठेवतो, त्याची तफावत पंचेचाळीस अंशांची झाली. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत खोली बेचाळीस अंशांवर गेली की तोच प्रोसेसर सत्त्याऐंशीवर जाईल, आणि या प्रोसेसरची कमाल मर्यादा पंच्याण्णव अंशांची आहे. म्हणजे परीक्षणाच्या खोलीत जी सवड दिसते ती आपल्या उन्हाळ्यात जवळजवळ संपलेली असते. दहा लिटरांच्या कॅबिनेटात जेमतेम बसणारा बुटका कूलर ही सवड कुठून आणणार? त्याला वेगानेच फिरावे लागेल, आणि वेगाने फिरणारा लहान पंखा कर्कश असतो.

पंख्याविषयीचा एक नियम मी तुला आवर्जून सांगतो, कारण शांततेची गुरुकिल्ली त्यात आहे. पंख्याची गती निम्मी केली तर हवा निम्मी होते, पण त्याला लागणारी शक्ती एक-अष्टमांशावर येते आणि आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. आणि दहा डेसिबलची घट कानाला साधारणपणे निम्म्या आवाजासारखी भासते. तेच दोन सारखे पंखे एकत्र चालविले तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. तेव्हा पूर्ण वेगाने धावणाऱ्या एका पंख्याच्या जागी तसेच दोन पंखे अर्ध्या वेगाने फिरवलेस तर हवा जवळजवळ तितकीच मिळते आणि आवाज बारा-एक डेसिबलने कमी होतो. म्हणून मोठे, सावकाश फिरणारे १२० मिलिमीटरचे पंखे आणि उंच, भरपूर पात्यांचा कूलर यांसाठी जागा ठेव; शांतता या जागेत असते.

याच कारणाने मला दहा लिटरांचे कॅबिनेट पसंत नाही. पंचवीस लिटरांच्या आसपासचे, मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड घेणारे कॅबिनेट घे. मिनी आयटीएक्स मदरबोर्ड अवघा १७० मिलिमीटर लांबी-रुंदीचा असतो आणि दिसावयास मोहक असतो, हे मलाही मान्य आहे. पण तो महाग असतो, त्याचे प्रकार थोडे, आणि त्यासोबत लागणारा लहान आकाराचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, ऐन परीक्षेच्या आठवड्यात बिघडला तर नांदेडात त्याचा बदली भाग चटकन मिळेल याची खात्री नाही. नेहमीच्या आकाराचा एसएमपीएस मात्र कोणत्याही दुकानात मिळतो. आटोपशीरपणालाही एक सीमा असावी, आणि माझ्या मते ती दुरुस्तीच्या सोयीपाशी आखावी. समोरची बाजू काचेची नको; बारीक जाळीची, साधी, काळी असू दे. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात दारातून गार हवा येई आणि वरच्या झरोक्यातून ऊन हवा निघून जाई, तसा पुढून आत आणि मागून-वरून बाहेर असा हवेचा सरळ मार्ग यंत्रातही राहू दे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवलीस तर धूळ फटींतून न शिरता गाळण्यांतूनच येईल, आणि गाळण्या महिन्यातून एकदा धुऊन वाळवून पुन्हा लावता येतील. आपल्या काळ्या मातीची उन्हाळी धूळ किती बारीक असते, हे तुला मी सांगावे असे नाही. दुकानात ब्लोअरने यंत्र साफ करून घेशील तेव्हा पंख्याची पाती बोटाने धरून ठेवण्यास सांग, नाहीतर ती वाऱ्याने भलत्याच वेगाने फिरून खराब होतात.

रंगीत दिव्यांविषयी तुझे मत माझ्यासारखेच आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. ज्या रॅमवर दिवे नाहीत ती निवड, म्हणजे रात्री सोबत्याच्या डोळ्यांवर उजेड येणार नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे. चैत्र-वैशाखात येथे प्रत्येक खोलीत हवा गार करणारा पाण्याचा कूलर घोंघावत असतो, आणि त्याच्या आवाजापुढे संगणकाचा आवाज कोणाच्याही कानी पडत नाही. यंत्राची शांतता खरोखर लागते ती पावसाळ्यापासून माघापर्यंत, जेव्हा खिडक्या बंद असतात आणि खोली निवांत असते, आणि त्याच महिन्यांत हवाही थंड असते. म्हणून पंख्यांच्या वेगाच्या दोन स्वतंत्र आखण्या बायोसमध्ये करून ठेव: उन्हाळ्यासाठी पंखे मोकळेपणाने फिरू देणारी एक, आणि उरलेल्या काळासाठी त्यांना मंद ठेवणारी दुसरी. संगणक खोलीतील कूलरच्या ओल्या झोताच्या थेट समोर मात्र कधीही ठेवू नकोस. शिवाय खेळ खेळताना चित्रांचा वेग पडद्याला दाखवता येईल तेवढाच ठरवून दे, आणि कार्डाची वीजमर्यादा थोडी खाली आण. थोड्याशा वेगाच्या बदल्यात उष्णता आणि आवाज यांत पुष्कळ फरक पडतो, आणि त्यासाठी एक पैसाही खर्चावा लागत नाही.

एसएमपीएस साडेपाचशे ते साडेसहाशे वॅटचा, कार्यक्षमतेच्या सुवर्णश्रेणीचा घे. तुझा संगणक खेळताना साधारणपणे याच्या निम्मा भार घेईल. त्या भारावर हा एसएमपीएस सुमारे नव्वद टक्के कार्यक्षम असतो, आणि अनेक नमुन्यांत कमी भारावर पंखा थांबलेलाच राहतो. भारनियमन आणि विजेचे चढउतार यांसाठी यूपीएस लागेलच. तो शुद्ध सायन वेव्ह देणारा असावा, कारण आजचे चांगले एसएमपीएस खोट्या लाटेवर कधी कधी अडतात. खोलीतील अर्थिंग मी स्वतः येऊन तपासून देईन, ते घरमालकावर सोपवू नकोस. साठवणीसाठी एम. टू एसएसडी पुरे. फिरणाऱ्या हार्ड डिस्कची घरघर आता कोणत्याच खेळाला लागत नाही.

खरेदी कोठून करावी असे विचारलेस. १९५६ सालापर्यंत आपला मुलूख हैदराबाद राज्यात होता, आणि आजही नांदेडचा माणूस अशा जिनसांसाठी त्याच वाटेने जातो. सिकंदराबादच्या पार्कलेनवरील चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये संगणकाच्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तेथे जावे, भाव काढावा, आणि मग नांदेडच्या दुकानदारासही एकदा विचारावे. थोडा फरक असेल तर जवळच्या माणसाला प्राधान्य दे, कारण वॉरंटीसाठी त्याच्याकडेच जावे लागते. बिल अठरा टक्के जीएसटीसह, प्रत्येक भागाच्या अनुक्रमांकासह मागून घे, आणि बिलाशिवाय स्वस्तात देऊ करणाऱ्या वस्तूस नम्रपणे नकार दे, कारण परदेशातून चोरवाटेने आलेल्या भागाची वॉरंटी येथे कोणी मानत नाही. सर्व खोकी आणि आतील फोम जपून ठेव. सुट्टीत यंत्र लातूरला नेशील तेव्हा ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळे ने. एसटीच्या धक्क्यांनी जड कार्ड मदरबोर्डावरील खाच मोडू शकते.

जोडणी तू स्वतःच्या हाताने करावीस, अशी माझी इच्छा आहे. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. कूलरचे स्क्रू तिरप्या समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत. येथे आलास की माझ्या टेबलावर दिवसभर बसून जोडू. चुंबकी स्क्रूड्रायव्हर आणि मल्टीमीटर माझ्याकडे आहेत. तू येण्यापूर्वी फक्त इतके कर की, तुला खेळावयाचे खेळ कोणते ते मला लिहून पाठव, म्हणजे कार्डाची निवड आपण नक्की करून टाकू.

आईस व दाजींस माझा नमस्कार सांग. आजीची प्रकृती कळव.

तुझा
मामा