चाकांवरचे बिऱ्हाड आणि गावचा तळ

झोपण्याची जागा, ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय एकाच मोटारीत बसवून कुटुंबासह गावोगाव हिंडण्याची पद्धत महाराष्ट्रात आता हळूहळू रुजू पाहत आहे. अशा वाहनास कॅराव्हॅन असे म्हणतात. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. ही वाहने आणि ती मुक्कामास उभी राहतील असे तळ, या दोहोंचा विचार त्यात करण्यात आला आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, 2020 मध्ये, कृषी पर्यटन धोरणही जाहीर झाले होते. त्यामुळे शेतावर किंवा गावालगत पाहुण्यांची सोय करू इच्छिणाऱ्यांना आता दोन वाटा उपलब्ध झाल्या आहेत.

या प्रकाराविषयी जे बोलले आणि लिहिले जाते ते बहुतांशी वाहनाबद्दल असते. आसनाचा पलंग कसा होतो, छतावर सूर्यऊर्जेचे पत्रे किती बसतात, याची चर्चा पुष्कळ होते. परंतु दिवसातले पाच-सहा तास धावणारे हे वाहन उरलेले अठरा तास कोठेतरी उभे असते, आणि ते जेथे उभे असते ती जमीन, तेथील पाणी आणि तेथील गटार कोणत्या तरी गावाचे असते. म्हणून हा विषय जितका मोटारमालकाचा, तितकाच ग्रामपंचायतीचाही आहे. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर या गावाचे उदाहरण घेतले असता हे चांगले समजते.

जेऊरला मुक्काम नवा नाही

जेऊर हे मध्य रेल्वेच्या दौंड–कुर्डुवाडी मार्गावरील स्थानक. गावापासून थोड्या अंतरावर उजनी धरणाचा जलाशय पसरलेला आहे. पण या गावाची एक जुनी ओळख निराळीच आहे. त्र्यंबकेश्वराहून पंढरपुराकडे निघणारी संत निवृत्तिनाथ महाराजांची पालखी अहिल्यानगर जिल्हा ओलांडून करमाळा तालुक्यात येते आणि रावगाव, जेऊर, कंदर, दगडी अकोले, करकंब या वाटेने पुढे जाते. हजारो माणसांचे चालते बिऱ्हाड एका रात्रीपुरते सामावून घेण्याचा या टापूतील गावांचा अनुभव म्हणूनच पिढ्यान्पिढ्यांचा आहे.

आजच्या दिंडीची व्यवस्था बारकाईने पाहावी. वारकरी चालतात, त्यांचे सामान, शिधा, भांडी आणि राहुट्या मालमोटारीतून जातात. ही मोटार दिंडीच्या पुढे निघून मुक्कामी पोचते. दिंडी येईपर्यंत राहुट्या उभ्या राहिलेल्या असतात आणि चुली पेटलेल्या असतात. सोबत पाण्याचा टँकर असतो. मुक्कामाच्या जागा आणि तिथी आधीच ठरलेल्या असल्यामुळे कोणत्या दिवशी किती माणसे येणार, याचा अंदाज गावाला असतो. अलीकडच्या वर्षांत वारीच्या मुक्कामांवर फिरती शौचालये उभी केली जातात. एवढा मोठा जनसमुदाय उघड्यावर जाऊन आल्यावर गावात पुढे काय होत असे, हे जुन्या आरोग्यसेवकांना ठाऊक आहे.

युरोपात हौशी प्रवासासाठी बांधलेल्या पहिल्या कॅराव्हॅनपैकी एक म्हणून ‘वाँडरर’ या गाडीचे नाव घेतले जाते. आरमारात डॉक्टर म्हणून नोकरी केलेले लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी ती 1885 मध्ये बांधून घेतली. ती घोडे ओढीत असत. तिकडे ही चैन म्हणून आली. आपल्याकडे चालते बिऱ्हाड आले ते भक्तीतून आणि पोटासाठी. गळीत हंगामात ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे कोपी टाकून जे तळ करतात, तेही महिनोन् महिने चालणारे मुक्कामच होत. पर्यटकाच्या मोटारीसाठी नळ आणि शौचालय देण्याचा ठराव करणाऱ्या गावाने त्याच शिवारातील तोडणी कामगारांच्या तळावर या दोन गोष्टी आहेत की नाहीत, हेही त्याच सभेत विचारावे.

आधी मुक्काम, मग मार्ग

वारीचे वेळापत्रक मुक्कामावर आधारलेले असते. हाच नियम मोटारीच्या सहलीलाही लागू पडतो. नकाशावर प्रेक्षणीय स्थळे जोडीत जाणारा प्रवासी रात्री आठ वाजता कोठेतरी रस्त्याच्या कडेला थांबतो, आणि तेथून त्याच्या व गावाच्या अडचणींना प्रारंभ होतो. घरासारखे वजन घेऊन चालणाऱ्या वाहनाने दिवसाला दोनशे ते अडीचशे किलोमीटरपेक्षा अधिक मजल मारू नये आणि सूर्यास्तापूर्वी तळावर पोचावे. जागेचा उतार, चिखल, वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा हे सर्व उजेडातच दिसते.

पुण्याहून येणाऱ्यास सोलापूर महामार्गाने टेंभुर्णीपर्यंत यावे लागते. तेथून करमाळ्याच्या दिशेने कंदर ओलांडून जेऊर गाठता येते. महामार्ग सोडल्यावर प्रवासाचे स्वरूप बदलते. गळीत हंगामात उसाने भरलेले, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर या रस्त्यांवर रात्रंदिवस चालतात. पुष्कळांच्या मागे दिवा नसतो, आणि ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंस बाहेर आलेला असतो. दिवेलागणीनंतर येथे उंच, रुंद वाहन चालविणे शहाणपणाचे नाही. रेल्वेमार्ग भुयारी रस्त्याने ओलांडावयाचा असेल, तर आपल्या वाहनाची छतावरील पत्र्यांसह उंची किती, हे चालकासमोर लिहून लावलेले असावे. अशी वाहने बहुधा तीन मीटरच्या आसपास उंच असतात आणि नेमके त्या ठिकाणी अंदाज उपयोगी पडत नाही.

ऋतूचाही विचार हवा. उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत दिसतात. केत्तूरचा परिसर त्यासाठी प्रसिद्ध आहे. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने हवामानाच्या दृष्टीनेही उत्तम. मे महिन्यात मात्र दुपारनंतर अवचित वावटळ उठते. 21 मे 2024 रोजी कुगाव–कळाशी मार्गावरील प्रवासी नाव अशाच वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांना जलसमाधी मिळाली. प्राणरक्षक जाकीट नसलेल्या नावेत पाहुण्यांना बसू देऊ नये, ही सूचना तळावर ठळक अक्षरांत लावलेली असणे आवश्यक आहे.

जागा कोणती द्यावी

पाण्याच्या कडेला, अगदी लाटांजवळ गाडी उभी करावी असे प्रत्येक पाहुण्याला वाटते. ही इच्छा नम्रपणे पण ठामपणे नाकारली पाहिजे. भीमाकाठची काळी जमीन एका पावसात चाक गिळते. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की जो गाळ उघडा पडतो, तो वरून भेगाळलेला आणि आतून ओला असतो. धरण 1980 मध्ये पूर्ण झाले, तेव्हा बुडालेल्या जुन्या गावठाणांच्या खुणा अशा वेळी वर येतात आणि त्या पाहण्यासाठी गाडी आत घालण्याचा मोह होतो. ज्यांची घरे तेथे होती ती कुटुंबे आजही याच तालुक्यात राहतात, हे पाहुण्यांना सांगितले तर पुष्कळ काम होते. शिवाय पाण्यालगतची संपादित जमीन जलसंपदा खात्याची असते. ती मुक्कामासाठी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. गायरानाचीही तीच गोष्ट. सार्वजनिक वापराच्या जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये दिलेल्या निर्णयानंतर राज्य शासनाने त्याच वर्षी गायरानाच्या वापरावर कडक निर्बंध घातले आहेत. तेव्हा गावठाणातील मोकळी जागा किंवा एखाद्या शेतकऱ्याची स्वतःची जमीन, हेच खरे पर्याय होत. जमीन खाजगी असल्यास कोणत्या परवानग्या लागतील, हे तहसील कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे आणि पर्यटन संचालनालयाकडील नोंदणीची चौकशी त्याच वेळी करावी.

जागा निवडल्यावर खर्चाचे काम एकच, मुरूम टाकून ती सपाट व घट्ट करणे. गाडी तिरपी उभी राहिली तर आत झोपणे कठीण होते आणि सांडपाणी टाकीकडे न जाता मोरीत तुंबते.

पाण्याचा हिशेब

शिक्षकांनी हा हिशेब वर्गात करून घेण्यासारखा आहे. चार माणसांचे कुटुंब गाडीत काटकसरीने राहिले आणि दरडोई 35 लिटर पाणी वापरले, तर दिवसाला 140 लिटर पाणी लागते. तळावर पाच गाड्या असतील तर 700 लिटर. एक हजार लिटरची टाकी रोज भरली तर हे भागते. टंचाईच्या महिन्यांत गावाला टँकर लागत असेल, तर तेवढे दिवस तळ बंद ठेवणे हाच न्याय होय. पण हिशेब येथे संपत नाही, कारण आत गेलेले जवळजवळ सगळेच पाणी बाहेर येते. अंघोळीचे आणि भांड्यांचे सांडपाणी शोषखड्ड्यात सोडता येते. खड्डा विहिरीपासून व कूपनलिकेपासून किमान 15 मीटर दूर आणि उताराच्या बाजूला हवा.

शौचालयाच्या पेटीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अशा वाहनांतील पेटी बहुधा वीस लिटरच्या आसपास असते आणि कुटुंब चौघांचे असेल तर ती दोन दिवसांत भरते. ती रिकामी करण्याची जागा दाखविली नाही, तर ती ओढ्यात रिकामी होते. ओढा जातो जलाशयाला, आणि उजनीच्या पाण्यावर सोलापूर शहरासह कितीतरी गावांची तहान अवलंबून आहे. म्हणून सार्वजनिक शौचालयाच्या सेप्टिक टाकीला झाकणाचे एक तोंड ठेवून, शेजारी धुण्यासाठी वेगळा नळ द्यावा. हा नळ पिण्याच्या पाण्याच्या नळापासून दूर असावा. पेटीत वापरले जाणारे काही रासायनिक द्रव टाकीतील मैला कुजविणाऱ्या जंतूंना मारतात. जैविक द्रव वापरणाऱ्यांनाच ती सोय द्यावी. दोन खड्ड्यांच्या घरगुती शौचालयात तर ही पेटी कधीच ओतू देऊ नये.

वीज आणि गॅस

विजेबाबत पाहुण्यांच्या अपेक्षा मोठ्या असतात. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे 1200 वॅट-तास वीज साठविते. एक पंखा आणि दोन दिवे तीवर रात्र काढतील. वातानुकूलन यंत्र मात्र तासाभरात ती संपवील. पाच गाड्यांनी ही यंत्रे तळावरील जोडणीवर एकदम लावली तर गावातील साध्या एकपदरी जोडणीला तो भार पेलवणार नाही. तेव्हा प्रत्येक जागेला स्वतंत्र मीटर, भूसंपर्कतार आणि गळती होताच वीज तोडणारे यंत्र असेल तरच जोडणी द्यावी. नसल्यास पंखे आणि दिवे एवढ्यावर भागवावे, असे आरक्षणाच्या वेळीच कळवावे. शाळेच्या खोलीतून तार ओढून देण्याचा सोपा उपाय अनेकांना सुचतो. तो टाळलेला बरा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो गाडीच्या तळाशी साचतो. वरची खिडकी उघडून तो जात नाही. जमिनीलगत झरोका असावा लागतो. थंडीत शेगडीतले निखारे गाडीत घेऊन दारे लावून झोपणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होय, कारण त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. जनित्र खिडकीखाली ठेवण्यातही तोच धोका आहे.

नोंदवही

तळावर एक नोंदवही असावी. वाहन क्रमांक, माणसांची संख्या, येण्या-जाण्याची वेळ आणि पुढचा मुक्काम इतके तीत लिहिले म्हणजे पुरे. जवळच्या दवाखान्याचा आणि पोलिस ठाण्याचा क्रमांक पहिल्या पानावर असावा. शुल्क ग्रामसभेच्या ठरावाने ठरवावे व त्याची पावती द्यावी. एखाद्या सदस्याच्या ओळखीने फुकट मुक्काम देण्याची प्रथा पडली की वर्षभरात टाकीचा नळ दुरुस्त करायलाही पैसे उरत नाहीत. भाजी, दूध, भाकरी आणि कंदर परिसरातील केळी तळावर विकण्याचा पहिला हक्क गावातील बचत गटांना दिल्यास पाहुणा आला याचा लाभ एकाच घरात राहत नाही. निघण्याच्या सकाळी तळ सांभाळणाऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारून नळ, तार, कचरा आणि पेटी पाहावी व मगच वहीत सही घ्यावी.

वर्षाचे वेळापत्रक छापताना टंचाईचे महिने त्यातून वगळावेत. तसेच आषाढी एकादशीपूर्वी पालखी या मार्गाने जाण्याच्या दिवसांत तळ पर्यटकांना बंद राहील आणि तेथील पाणी व शौचालये दिंड्यांसाठी मोकळी ठेवली जातील, हेही त्यात आरंभीच नमूद करावे.