पेटी इथली, नोंद तिथली

प्रश्न : आमच्या हापूसच्या पॅकिंग शेडमध्ये वायरलेस बारकोड स्कॅनरचे दोन बेस आहेत. एका टेबलावरची पेटी भलत्याच कॉम्प्युटरवर नोंदली जाते. काय करावे?
– एक बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : चार्जिंगला स्कॅनर चुकीच्या बेसवर ठेवला जात असणार. बऱ्याच मॉडेलांत नुसते टेकवले तरी जोडणी बदलते. पुस्तिकेतला बारकोड वाचून ही सोय आधी बंद करा. मग प्रत्येक स्कॅनरने आपल्याच बेसवरचा जोडणीचा बारकोड वाचावा. स्कॅनर आणि बेसला एकाच रंगाची पट्टी चिकटवा. हंगामातल्या गड्यांना तेच सोपे. ब्लूटूथ बेसवर एका वेळी सातपेक्षा जास्त स्कॅनर चालत नाहीत. बेस थप्पीमागे नको, उंचावर हवा : जांभ्याची भिंत आणि आंब्यातले पाणी, दोन्ही लहरी अडवतात.